कुंपण आणि शेत

मराठी भाषेत रक्त हा शब्द बहुधा दुसऱ्याच कशासाठी तरी वापरला जातो. रक्ताचे नाते म्हटले की वंश सूचित होतो, रक्ताचे पाणी केले म्हटले की कष्ट, रक्त आटवले म्हटले की कुणासाठी तरी झिजणे, आणि रक्त उसळले म्हटले की संताप. या सर्व प्रयोगांत रक्त हे माणसाच्या इतरांशी असलेल्या संबंधांचे नाव आहे. रक्ताला स्वतःचेही एक आयुष्य असते. तांबडी पेशी अस्थिमज्जेत जन्मते, सुमारे १२० दिवस जगते, प्लीहेत आणि यकृतात तिचा शेवट होतो, आणि दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी जुन्यांची जागा घेत राहतात. या व्यवहाराची दखल भाषेने घेतलेली नाही. घ्यावी असे कारणही नव्हते, कारण निरोगी माणसाला तो जाणवत नाही. जाणवतो तो बिघडल्यावर. आणि बिघडला की त्याचा अर्थ लावण्यासाठी माणूस पुन्हा त्याच जुन्या वाक्प्रचारांकडे वळतो.

फुप्फुसाच्या एका साध्या जिवाणुजन्य दुखण्यानंतर क्वचित उद्भवणारा रक्ताचा एक विकार या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. मायकोप्लाझ्मा न्युमोनी या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया बहुतेकदा सौम्य असतो. कोरडा, चिवट खोकला, अंगात कणकण, डोकेदुखी अशी त्याची लक्षणे. रुग्ण अंथरूण धरत नाही, कामावर जात राहतो. छातीचा क्ष-किरण फोटो मात्र त्याच्या चेहऱ्यापेक्षा वाईट दिसतो. शाळा, वसतिगृहे, सैनिकांच्या बराकी आणि दाटीने राहणारी कुटुंबे यांत हा जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन आठवडे निघून जातात. बहुसंख्य रुग्ण बरे होतात आणि दुखणे विसरून जातात. अगदी थोड्यांच्या बाबतीत मात्र खोकला ओसरू लागतो न लागतो तोच डोळे पिवळट होतात, लघवीचा रंग गडद होतो, थंडीत बोटांची टोके निळसर पडतात आणि चार पायऱ्या चढताना धाप लागते. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे त्याच शरीराच्या तांबड्या पेशींना चिकटू लागलेली असतात. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण जणू याच विकारासाठी घडवली गेली असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. ती येथे खरोखर कितपत लागू पडते, हे पाहण्यासाठी या विकाराच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

हा इतिहास काहीसा उलट क्रमाने घडला आहे. १९३८ मध्ये हॉबर्ट रायमन या अमेरिकन वैद्याने नेहमीच्या न्यूमोनियाशी न जुळणाऱ्या काही रुग्णांचे वर्णन केले, आणि अशा दुखण्यासाठी ‘अटिपिकल’, म्हणजे वळणाबाहेरचा न्यूमोनिया, हे नाव रूढ झाले. त्याचा जंतू कोणता हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९४३ मध्ये पीटरसन, हॅम आणि फिनलंड या संशोधकांनी असे दाखवले की, यांपैकी अनेक रुग्णांचे रक्त थंड केले असता त्यातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, आणि रक्त पुन्हा कोमट केले की त्या विलग होतात. पुढच्याच वर्षी मनरो ईटन यांनी रोगाचा कारक शोधून काढला; परंतु जिवाणू अडवणाऱ्या गाळण्यांतून तो सहज पार होत असल्यामुळे त्याला बराच काळ विषाणू समजले गेले. १९६२ मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि बॅराइल यांनी तो कृत्रिम माध्यमावर वाढवून दाखवला, तेव्हा हा विषाणू नसून पेशीभित्तिका नसलेला अतिशय लहान जिवाणू आहे हे सिद्ध झाले. पेनिसिलीन जिवाणूच्या भित्तिकेवर आघात करते. जिथे भिंतच नाही तिथे ते निष्प्रभ ठरणार, हे कोडेही त्यामुळे उलगडले. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे जंतूची ओळख पटलेली नव्हती, पण त्याने मागे ठेवलेली खूण रुग्णाच्या रक्तात वाचता येत होती. परक्याची ओळख आपल्यात झालेल्या बदलावरून पटावी, अशी ही स्थिती होती.

शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलू शकते, ही कल्पना वैद्यकाने सहजी स्वीकारलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिश यांनी सजीव देह स्वतःस घातक द्रव्ये निर्माण करणे टाळतो असे मत मांडले आणि त्या वृत्तीला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे भारदस्त लॅटिन नाव दिले. स्वतःचे विष होण्याविषयीची भीती, असा त्याचा अर्थ करता येईल. परंतु १९०४ मध्येच व्हिएन्नात युलिउस डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर यांनी असा एक विकार दाखवून दिला की ज्यात रुग्णाच्या रक्तातील एक द्रव्य थंडीत त्याच्याच तांबड्या पेशींना धरते आणि पुन्हा ऊब मिळताच त्या फुटतात. हे तेच लँडस्टायनर, ज्यांनी १९०१ मध्ये मानवी रक्ताचे गट ओळखले आणि ज्यांना त्यासाठी १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एका माणसाचे रक्त दुसऱ्याला परके का ठरते, याचा शोध घेणाऱ्यालाच माणसाचे रक्त स्वतःलाही परके होऊ शकते हे आढळावे, यात एक प्रकारची संगती आहे. तरीही एर्लिश यांच्या सूत्राचा प्रभाव पुढे कित्येक दशके टिकून राहिला. स्वतःपासून स्वतःला धोका नाही, हा विश्वास माणसाला तर्कापेक्षा अधिक खोल जागी हवा असतो.

हा विश्वास ढळतो तेव्हा काय होते, हे प्रयोगशाळेत दिसत नाही. ते घरात दिसते. २०१७ सालच्या जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात असे घडले. घरातील बाई सेहेचाळीस वर्षांच्या, शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या. प्रथम त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा खोकू लागला आणि तीन-चार आठवडे खोकत राहिला. रात्री त्याला ढास लागली की बाई उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवीत बसत. मुलाचा खोकला मावळत आला तेव्हा बाईंना तसाच खोकला सुरू झाला. परीक्षा जवळ आलेल्या. त्या शाळेत जात राहिल्या. एका डॉक्टरांनी दिलेले पेनिसिलीनच्या कुळातील औषध आठवडाभर घेऊनही उतार पडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी औषध बदलले, ताप गेला, खोकला कमी झाला, आणि दुखणे संपले असे घरच्यांना वाटले. त्यानंतर चारच दिवसांनी फळ्यावर लिहिताना त्यांच्या बोटांची टोके जांभळी पडलेली एका विद्यार्थिनीने पाहिली. घरी येताना जिन्यात त्यांना दोनदा बसावे लागले.

रुग्णालयातील तपासणीत प्रथम एक विचित्रच गोष्ट आढळली. रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राने तांबड्या पेशींची संख्या अविश्वसनीय इतकी कमी, त्यांचे आकारमान अवास्तव मोठे आणि प्रत्येक पेशीतील रंगद्रव्याची घनता तर प्रत्यक्षात असूच शकणार नाही इतकी अधिक दाखवली. यंत्राचा यात दोष नव्हता. थंड झालेल्या नमुन्यातील पेशी गुठळ्या करून बसल्या होत्या आणि यंत्र एकेका गुठळीला एकेक पेशी समजून मोजत होते. प्रयोगशाळेतील अनुभवी तंत्रज्ञाने ते आकडे पाहताच नमुना शरीराच्या तापमानाइतका कोमट करून पुन्हा चालवला, आणि आकडे ताळ्यावर आले. हिमोग्लोबिन मात्र दोन्ही वेळा सारखेच निघाले: ५.८. निरोगी स्त्रीच्या रक्तात ते १२ किंवा त्याहून अधिक असते.

यामागची प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. जंतूचा प्रवेश झाल्यावर शरीर जी प्रतिपिंडे प्रथम तयार करते ती आकाराने मोठी असतात. पाच एकके जोडून त्यांचा एक रेणू बनतो आणि त्याला दहा ठिकाणी धरता येते. या विकारातील प्रतिपिंडे उबेत निष्क्रिय राहतात. रक्त हाताच्या बोटांत, कानाच्या पाळीत, नाकाच्या शेंड्याशी पोहोचून थोडे थंड झाले की ती तांबड्या पेशींना धरतात, आणि त्याच क्षणी रक्तातील पूरक प्रथिनांची खूण त्या पेशींवर उमटते. तेच रक्त शरीराच्या उबदार गाभ्यात परतते तेव्हा प्रतिपिंड आपली पकड सोडून निघून जाते. खूण मात्र तशीच राहते. यकृतातील भक्षक पेशी ती खूण वाचतात आणि निरपराध पेशीला गिळतात. आरोप करणारा केव्हाच निघून गेलेला असतो, त्याने लावलेला डाग तेवढा उरतो, आणि शिक्षा त्या डागाच्या आधारे होते. मानवी समाजाच्या निरीक्षकाला हा क्रम अपरिचित वाटू नये.

डॉक्टरांनी कुटुंबाला समजेल अशा सोप्या भाषेत सांगितले की, “यांचे स्वतःचेच शरीर यांचे रक्त नष्ट करते आहे.” विधान शास्त्रदृष्ट्या चुकीचे नव्हते. परंतु ते ज्या घरात उच्चारले गेले तेथे त्याचा अर्थ शास्त्राच्या शब्दकोशातून लावला गेला नाही. पुण्याहून बाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती कळवळून म्हणाली, “सगळ्यांसाठी राबलीस, आतल्या आत स्वतःला खात राहिलीस, त्याचंच हे झालं बघ.” सासूबाई म्हणाल्या, “पहाटेच्या गार पाण्यात हात घालू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं.” पती उशीर झाल्याबद्दल स्वतःला दोष देऊ लागले. प्रत्येकाच्या बोलण्यात माया होती, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक आरोपीही होता. खुद्द बाईंनी त्या विधानाचा अर्थ आपल्या आयुष्यावरचा निकाल असा घेतला. बावीस वर्षे नोकरी, संसार, म्हाताऱ्या माणसांची दुखणी यांत आपण रक्त आटवले, आता ते खरोखरच आटते आहे, असे त्या एकदा पतीला म्हणाल्या. वाक्प्रचार देहात उतरला होता.

सर्वांत कमी बोलला तो मुलगा. खोकला प्रथम त्याला झाला होता. रोग खोकल्याच्या तुषारांतून पसरतो हे त्याच्या ऐकण्यात आले होते, आणि आई आपल्या उशाशी किती रात्री बसली होती हे त्याला मोजता येत होते. तो रुग्णालयात येई, पण खोलीच्या दाराशीच उभा राही. आईने जवळ बोलावले तर ‘नको, मला अजून थोडा खोकला आहे’ असे सांगे. वस्तुतः त्याचा खोकला केव्हाच थांबला होता.

या गुंत्यातून वाट निघाली ती एका अत्यंत साध्या चाचणीने. रक्ताचा नमुना नेण्यासाठी तो तंत्रज्ञ कोमट पाण्याचा थर्मास घेऊन वर आला होता. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्याला रुग्णाच्या खाटेजवळच ती जुनी चाचणी करायला सांगितले. त्याने बंद नळीतील थोडेसे रक्त बर्फाच्या पाण्यात अर्धा-एक मिनिट धरले आणि नळी तिरपी केली. काचेच्या कडेने जाड रेतीसारखे तांबडे कण दिसू लागले. दाराशी उभा असलेला मुलगा नकळत पुढे आला होता. तंत्रज्ञाने नळी पुसून त्याच्या हातात दिली आणि मूठ मिटून धरायला सांगितली. काही मिनिटांनी मूठ उघडली तेव्हा कण नाहीसे झाले होते. रक्त पुन्हा एकसंध वाहत होते. तंत्रज्ञाने त्याला एवढेच सांगितले, की पेशी खराब झालेल्या नाहीत. थंडी लागली की एकमेकींना धरून बसतात, ऊब मिळाली की सोडतात. डॉक्टरांचे विधान आणि तंत्रज्ञाचे विधान एकाच घटनेविषयी होते. पहिल्यात एक कर्ता होता, एक बळी होता आणि म्हणून एक अपराधही होता. दुसऱ्यात फक्त थंडी, पकड आणि ऊब होती. मुलगा त्या संध्याकाळी खोलीत आला आणि आईच्या पायांवर घोंगडी नीट करून बसला.

येथे ‘कुंपणच शेत खाते’ या म्हणीकडे पुन्हा पाहावे लागते. म्हणीतील कुंपण हे राखणदार आहे. त्याच्यावर विश्वास टाकलेला आहे, आणि ते तो मोडते. म्हणीचा सारा रोख या विश्वासघातावर असतो. पण प्रस्तुत विकारात विश्वासघात शोधू गेल्यास तो सापडत नाही. हा जिवाणू श्वासनलिकेच्या अस्तराला आपल्या निमुळत्या टोकाने चिकटतो, आणि चिकटण्यासाठी तो पेशींवरील ज्या शर्करासाखळ्या पकडतो त्या तांबड्या पेशींवरील एका प्रतिजनाच्याच जातीच्या असतात. शरीराच्या रक्षक यंत्रणेसमोर येते ते शत्रूच्या मुठीत असलेले आपलेच काही. त्या जोडीकडे पाहून तिने प्रतिपिंड घडवावे आणि ते पुढे तशाच साखळ्यांना इतरत्रही धरू लागावे, असे या घटनेचे एक स्पष्टीकरण दिले जाते. येथे निष्ठा आहे, तत्परता आहे, पुरावाही आहे. चूक झाली ती साम्यामुळे.

ज्या प्रतिजनाला ही प्रतिपिंडे धरतात त्याच्या नावाचीही कथा उद्बोधक आहे. १९५६ मध्ये अलेक्झांडर वीनर आणि त्यांचे सहकारी शीत-प्रतिपिंडे असलेल्या एका रुग्णासाठी जुळणारे रक्त शोधत होते. हजारो दात्यांचे रक्त तपासले तरी जवळजवळ प्रत्येक नमुन्याच्या गुठळ्या होत. न होणारे नमुने अगदी मोजके निघाले. त्या मोजक्या नमुन्यांचे वेगळेपण लक्षात यावे म्हणून ‘इंडिव्हिज्युअ‍ॅलिटी’ या शब्दाचे आद्याक्षर घेऊन या प्रतिजनाला ‘आय’ असे नाव देण्यात आले. इंग्रजीत हेच अक्षर ‘मी’ या अर्थाचे सर्वनामही आहे. गंमत अशी की, व्यक्तिविशिष्टतेचे नाव धारण करणारा हा प्रतिजन जवळपास प्रत्येक प्रौढ माणसाच्या रक्तात सारखाच असतो. ज्याला ‘मी’ म्हटले ते सर्वांमध्ये समान निघाले. शिवाय ते जन्मजातही नाही. नवजात बालकाच्या तांबड्या पेशींवर ही शर्करासाखळी सरळ, फांद्या न फुटलेली असते. आयुष्याच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत तिला फांद्या फुटतात आणि मग ‘आय’ प्रतिजन पूर्णपणे प्रकट होतो. आपलेपणाची ही खूण देहालासुद्धा हळूहळू येते.

याच शर्करासाखळ्यांच्या टोकाशी रक्तगट ठरवणारी रचना असते. त्या रचनेचा पाया असलेला ‘एच’ हा घटकच ज्यांच्या रक्तात नाही अशी माणसे आहेत, हे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत दाखवून दिले. जगभर तो गट आजही मुंबईच्या नावानेच ओळखला जातो. अशा माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही, त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे लागते. फुप्फुसाच्याच दुसऱ्या एका दुखण्यात, न्यूमोकॉकस या जिवाणूच्या संसर्गात, मुख्यतः लहान मुलांच्या बाबतीत क्वचित याहून गंभीर प्रकार घडतो. हा जिवाणू एका विकराच्या साहाय्याने तांबड्या पेशींवरील, रक्तबिंबिकांवरील आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म वाहिन्यांच्या अस्तरावरील सियालिक आम्लाचे आवरण ओरबाडून काढतो. आतील एरवी कायम झाकलेली शर्करा उघडी पडते, आणि ती ओळखणारी प्रतिपिंडे रक्तात आधीपासूनच असतात. पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका उद्भवतो. अवघा एक थर निघून गेला की आपले ते परके दिसू लागते. या तिन्ही उदाहरणांत आपले आणि परके यांमधील सीमा ही एखाद्या भिंतीसारखी नाही. ती शर्करेच्या काही कणांच्या मांडणीवर, आवरणावर आणि कित्येकदा केवळ तापमानावर अवलंबून आहे.

अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये आजाराविषयीच्या रूपकांवर लिहिलेल्या पुस्तकात असा आग्रह धरला होता की, आजार हे रूपक नव्हे, आणि त्याकडे पाहण्याची सर्वांत प्रामाणिक रीत म्हणजे रूपकांपासून शक्य तितके मुक्त होणे. हा आग्रह आदरणीय आहे, पण तो पूर्णपणे पाळता येण्याजोगा नाही. ‘प्रतिपिंड’, ‘प्रतिकारशक्ती’, ‘भक्षक पेशी’, ‘हल्ला’ हे शब्दच युद्धभूमीवरून आलेले आहेत, आणि शास्त्र ते निःशंकपणे वापरते. तेव्हा रूपक टाळणे हा खरा पर्याय नसतो. कोणते रूपक निवडावे, एवढेच माणसाच्या हाती असते. युद्धाचे रूपक निवडले की कोणाला तरी शत्रू व्हावे लागते. शत्रू बाहेर सापडला नाही तर तो घरात शोधला जातो, आणि घरातही सापडला नाही तर रुग्ण स्वतःलाच तो मान देतो. ग्वाल्हेरच्या त्या घरात हेच घडत होते. मायकोप्लाझ्माने आजारी पडणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या किंवा त्याहून अधिक जणांच्या रक्तात शीत-प्रतिपिंडे आढळतात, पण रक्तक्षय होण्याइतकी ती फारच थोड्यांत प्रबळ असतात. ती कोणत्या तापमानापर्यंत पकड धरून ठेवू शकतात, यावर सारे अवलंबून असते. हे तापमान बाईंनी ठरवलेले नव्हते, मुलाने तर नव्हतेच. आणि जंतू मुलाकडूनच आला की पन्नास मुलांच्या वर्गातून आला, हे सांगण्याचे कोणतेही साधन नव्हते.

उपचार पाहिले तर युद्धाची भाषा अधिकच अपुरी वाटते. जिवाणूवर योग्य प्रतिजैविक दिले जाते, पण आधीच तयार झालेल्या प्रतिपिंडांवर त्याचा परिणाम होत नाही. इतर अनेक स्वयंप्रतिकार विकारांत उपयोगी पडणारी स्टिरॉइड औषधे येथे फारशी कामी येत नाहीत. प्रमुख उपाय उरतो तो ऊब. खोली गरम ठेवणे, हातमोजे, पायमोजे, कानटोपी. शिरेतून जाणारे द्रवसुद्धा कोमट करून देणे. सासूबाईंनी गार पाण्याबद्दल जे सांगितले होते ते या ठिकाणी अक्षरशः लागू पडले. त्यांच्या सल्ल्याने न्यूमोनिया टळला नसता, कारण न्यूमोनिया गार पाण्याने होत नाही. तरी त्या सल्ल्यातील काळजीला आता वैद्यकाचा आधार मिळाला, आणि सून निमूटपणे हातमोजे घालू लागली तेव्हा त्यांच्या बोलण्यातील आरोपही आपोआप गळून गेला.

रक्त देण्याचा प्रसंग अधिक कठीण होता. रुग्णाची प्रतिपिंडे जवळपास कोणत्याही दात्याच्या पेशींना धरत असल्यामुळे नेहमीच्या पद्धतीने रक्त जुळवताना प्रत्येक पिशवी परकीच दिसते. म्हणून जुळणी शरीराच्या तापमानावर करावी लागते, आणि तरीही संशय राहिला तर त्यातल्या त्यात सर्वांत कमी विसंगत रक्त निवडले जाते. ‘सर्वांत कमी विसंगत’ ही रक्तपेढीच्या व्यवहारातील रूढ परिभाषा आहे. पूर्णपणे जुळणारे मिळाल्याशिवाय देणारच नाही असा हट्ट धरला तर रुग्ण दगावेल; म्हणून विसंगती मान्य करून, तिच्यावर लक्ष ठेवून, हळूहळू पुढे जायचे, अशी ही रीत आहे. माणसे एकमेकांबरोबर ज्या रीतीने वर्षानुवर्षे राहतात तिचे याहून नेमके वर्णन साहित्यातही क्वचित सापडेल. रक्तपेढीत चार अंशांच्या आसपास साठवलेले ते रक्त उष्णता देणाऱ्या यंत्राच्या नळीतून थेंबाथेंबाने सोडले गेले. दोन पिशव्यांना जवळजवळ एक रात्र लागली. बहीण पुण्याहून आली होती. ती रात्रभर उशाशी बसून होती, आणि त्या रात्री तिने कशाचेही कारण सांगितले नाही.

त्यानंतर देहाने जे करायचे ते आपल्या गतीने केले. जंतू नाहीसा झाला तशी नवी प्रतिपिंडे तयार होणे थांबले. जुनी फार दिवस टिकणारी नव्हती. या जातीच्या प्रतिपिंडांची संख्या पाच-सहा दिवसांत निम्मी होते. पाच आठवड्यांनी डोळ्यांतील पिवळेपणा गेला, मार्चअखेर हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेले, आणि बर्फाच्या पाण्यात धरलेल्या नळीत रेती दिसेनाशी झाली. कोणावरही विजय मिळवण्यात आला नव्हता. एक पकड सुटली होती. घरात उच्चारल्या गेलेल्या वाक्यांचे आयुष्य मात्र असे दिवसांत मोजता येत नाही. ‘स्वतःला खात राहिलीस’ हे वाक्य बाईंना पुढेही अधूनमधून आठवे. ते मायेने बोलले गेले होते, म्हणूनच त्याचा डाग पुसणे अवघड होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बाई वर्गात परतल्या. ‘स्वस्थ’ या शब्दाची फोड त्या दरवर्षी मुलांना सांगत असत: ‘स्व’ म्हणजे आपण, ‘स्थ’ म्हणजे राहणारा, जो आपल्या ठिकाणी आहे तो स्वस्थ. त्या वर्षी त्यांनी ती सांगितली आणि क्षणभर थांबून पुढे एक वाक्य जोडले. आपण कोण हे शरीरालाही जन्मतः पुरते ठाऊक नसते, त्या म्हणाल्या. ते शिकायला त्याला दोन वर्षे लागतात, आणि पुढे कधी ते गोंधळले तर त्याला रागावू नये, पांघरूण घालावे. मुलांना त्यातले फारसे कळले नसावे. वहीत त्यांनी नेहमीप्रमाणे फक्त शब्दाची फोड उतरवून घेतली.